आज काय करू?

समीक्षकांनी ज्याची कधी दखल घेतली नाही असं एक पुस्तक आमच्या गिरगावात घरोघरी खिळ्याला टांगलेलं असतं. १९७३ साली जयंत साळगावकरांनी सुरू केलेलं ‘कालनिर्णय’! जेवणाचे बेत आधीपासून आखून देणारं एवढं भरवशाचं वाङ्मय मराठीत दुसरं नाही. एकादशी दिसली की आदल्या रात्री साबुदाणा भिजतो. श्रावण जवळ आला की माशांचा बाजार वाढतो. शिवाय मागच्या पानांवर पाककृती. पुढे उपास, मागे खमंग पदार्थ! हा विरोधाभास भल्या भल्या कादंबरीकारांना साधलेला नाही.

उणीव एकच. साध्या मंगळवारी भाजी कुठली, हे त्यात नाही. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, पण तीसुद्धा पदार्थ ठरल्यावरच उपयोगाची! बायको “आज काय करू?” म्हणते तेव्हा तिला कृती नको असते हो, रोज ठरवण्याचं ओझं कुणीतरी निम्मं उचलायला हवं असतं. त्यावर घरोघरचे नवरे पेपरातून मान वर न काढता म्हणतात, “कर काहीही.”

या ‘काहीही’ची कृती मात्र अजून कुठेच छापून आलेली नाही.