बीजगणित शिकवणारी मोलकरीण

काळ्या अमेरिकन लेखकांची आत्मकथने आपण वाचतो ती बहुधा अपमानाच्या हिशेबासाठी. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले, तेव्हा हे नाते जुने आहे. परंतु या वाचनाला एक खोड लागली आहे, आणि ती मलाही होती. झुंडबळी, मारहाण, हॉटेलातली नाकारलेली खुर्ची एवढे टिपायचे आणि पुस्तक मिटायचे. रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' (१९४५) आणि ॲन मूडी यांचे 'कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी' (१९६८) ही दोन पुस्तके मी अलीकडे पुन्हा वाचली ती शिक्षक म्हणून. पोट आणि पाटी यांचा जो व्यवहार या दोघांनी मांडला आहे, त्याकडे पहिल्या वाचनात मी पाहिलेच नव्हते.

मिसिसिपी हे खेड्यापाड्यांचे, कापसाचे राज्य. मूडींचे आईबाप मळ्यावर बटाईने राबत. बाप सोडून गेला. आई गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिथले उरलेसुरले घरी येई तेव्हा मुलांना शेंगाभाजीपलीकडची चव कळे. पोर नऊ वर्षांची होते न होते तोच आठवड्याला ७५ सेंट आणि थोडे दूध यांवर ओसरी झाडू लागली. राइटही तसेच. दुपारच्या सुट्टीत इतर मुले खात असत, हा 'मला भूक नाही' म्हणून वेळ मारून नेई.

इथे वाचक हळहळतो, आणि इथेच फसतो. गरिबी ही शाळेच्या वाटेतली धोंड, ती दूर केली की मूल शिकेल, असे आपण धरून चालतो. मिसिसिपीत गरिबीचा आणि शाळेचा मालक एकच होता. वेचणीच्या दिवसांत काळ्यांच्या शाळा बंद राहत. साठच्या दशकाच्या आरंभी हॉली ब्लफ या गावी स्थानिक पैशातून गोऱ्या मुलामागे सुमारे १९१ डॉलर खर्च होत, काळ्या मुलामागे १ डॉलर २६ सेंट. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बेकायदा ठरवल्या, तर दोन वर्षांत राज्याने सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच रद्द केला. गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या १९८२ च्या कायद्याने ती सक्ती नीट परत आली आणि राज्यभर बालवर्गांची तरतूद झाली.

मूडींच्या पुस्तकातले माझ्या मते सर्वांत जबर प्रकरण १९५५ सालचे. एमेट टिल या मुलाचा खून झालेला आहे. ज्या घरी ही मुलगी कामाला आहे तिथली मालकीण तिला वय विचारते. चौदा. तोही चौदाचाच होता, असे बाई सांगते. धमकी द्यायला आवाज चढवावा लागत नाही. त्याच घरात मुलीच्या कानावर 'एनएएसीपी' हे काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे नाव पडते. आईला विचारावे तर आई घाबरून तिचे तोंड बंद करते. अखेर शाळेतल्या एक शिक्षिका तिला सारे समजावून सांगतात. पुढे त्या शिक्षिकेची नोकरी जाते.

आणि याच घरात ही मोलकरीण मालकिणीच्या मुलाला बीजगणित शिकवते! मूडी या विसंगतीवर भाष्य करीत बसत नाहीत. त्यांची भाषा सपाट आहे. आंदोलनाच्या उत्तरार्धात तर ती सभांच्या टिपणासारखी रुक्ष होते, हे मान्य केले पाहिजे. पण बालपणात हाच सपाटपणा सत्याला धार देतो. बीजगणित येणे चालते, ते मालकाच्या पोराच्याही उपयोगी पडते. संघटनेचे नाव माहीत असणे चालत नाही. बाबासाहेबांच्या 'शिका'ला आपण अलीकडे पुढच्या दोन शब्दांपासून जे तोडले आहे, त्याची मला इथे लाजच वाटली.

राइटनाही हा अनुभव आला. १९२५ साली जॅक्सनच्या शाळेत ते पहिले आले. निरोपाचे भाषण मुख्याध्यापकांनी तयार लिहून हाती ठेवले. राइटनी ते नाकारून स्वतःचे वाचले. प्रसंग थोर आहे, परंतु राइट तो सांगतात एकाकी वीराच्या तोऱ्यात. आपल्या माणसांविषयी ते फार कठोर होतात. आजी, मामा, मास्तर सगळे जणू शत्रूचे हस्तक. मूडी आपल्या भित्र्या आईवर रागावतात, पण ती का भिते हे त्यांना दिसते. म्हणून माझे माप मूडींच्या पारड्यात.

मूडी २०१५ साली वारल्या. त्यांच्या राज्यात आजही साधारण चारांतले एक मूल दारिद्र्यात आहे. शाळांना पुरेसा निधी देण्याचे सूत्र १९९७ साली कायद्याने ठरले. ते पूर्णपणे पाळले गेले अशी वर्षे बोटांवर मोजण्याइतकी, आणि २०२४ साली ते सूत्रच बदलले. दुसरीकडे, २०१३ च्या साक्षरता कायद्यानंतर शिक्षकांना वाचन शिकवण्याचे खास प्रशिक्षण मिळाले, आणि २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत तिथली चौथीची मुले वाचनात देशाच्या सरासरीच्या पुढे गेली. याला नाक मुरडणारा मी नव्हे. गरीब मुलाला वाचता येणे काय असते हे वर्गावर उभ्या राहणाऱ्याला विचारा. आठवीची मुले मात्र त्याच चाचणीत सरासरीच्या खालीच राहिली. माझी नजर त्या आकड्यावर खिळली. आठवीत मूल साधारण तेरा-चौदाचे असते. आईला नको असलेला प्रश्न मूडींनी शाळेत विचारला तो त्याच वयात.