कादंबरीतील नायिका आणि इतिहासातील स्त्री

इतिहासात होऊन गेलेल्या स्त्रीवर कादंबरी लिहिणे हे चरित्र लिहिण्यापेक्षा अधिक जोखमीचे काम आहे. चरित्रकाराची चूक पुराव्याने दाखविता येते. कादंबरीकाराची चूक मात्र वाचकाच्या मनात सत्य म्हणून घर करते. एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील अनेक स्त्रिया याच शहरात वावरल्या.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही या प्रकारातील सर्वाधिक वाचली गेलेली मराठी कादंबरी. तिचे यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची गती प्रामुख्याने गोपाळरावांच्या हट्टावर व विक्षिप्तपणावर अवलंबून आहे. आनंदीबाई सोसतात, घडविल्या जातात आणि अखेरीस करुणेचा विषय होतात. वस्तुतः त्यांनी विपुल पत्रे लिहिली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. १८८६ साली पदवी मिळविताना त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. या विचार करणाऱ्या आनंदीबाईंशी आपले मतभेद होऊ शकतात, किंबहुना व्हावयासच हवेत. पण केवळ सोसणाऱ्या नायिकेशी वाद तरी कसा घालणार? स्त्रीला वादातून वगळणे हाही तिच्यावरचा एक अन्यायच होय.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ साली, कॅरोलिन डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. बहुजन स्त्रीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. निबंधापलीकडे तिच्या आयुष्याचा विश्वसनीय तपशील जवळजवळ उपलब्ध नाही. ही पोकळी ललित लेखकास साहजिकच मोह घालते. मग तिच्यासाठी झोपडी रचली जाते, अश्रू रचले जातात. प्रत्यक्षात मुक्ताने निबंधात रडगाणे गायिले नाही. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, हा तर्कशुद्ध प्रश्न तिने विचारला. पेशवाईत गुलटेकडीवर चाललेल्या क्रौर्याची साक्ष तिने नोंदविली. छपराविना प्रसूत होणाऱ्या मांग-महार स्त्रियांचे दुःख तिने समाजव्यवस्थेचा दोष म्हणून मांडले. ज्या कादंबरीत हा युक्तिवाद नाही, त्या कादंबरीत मुक्ता नाही.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास हा प्रश्न नवा नाही. पटाचारेची पती, पुत्र आणि मातापिता गमावल्याची हृदयद्रावक कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. ती कथा सविस्तर येते ती आचार्य धम्मपालांच्या, शतकांनंतर रचलेल्या अट्ठकथेत. थेरीगाथेत पटाचारेच्या नावावर असलेल्या गाथांत या आपत्तीचा उल्लेखही नाही. तेथे ती पाय धुताना उताराकडे वाहणारे पाणी न्याहाळते, दिव्याची वात खाली ओढते आणि ज्योत विझताना तिचे चित्त मुक्त होते. कथाकाराने तिचा शोक जपला. गाथेने तिचे निरीक्षण आणि तिची प्रज्ञा जपली. अट्ठकथा त्याज्य आहे असे नव्हे. मात्र गाथा कोणती आणि अट्ठकथा कोणती, हे भान सुटता कामा नये.

हे भान सुटल्याचे परिणाम अलीकडेच दिसले. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमाचा मोजक्या शब्दांत उल्लेख केला आहे: तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. या आधाराभोवती पुढे जन्मतारीख, प्रसंग, संवाद यांची भर पडत गेली. जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख ही व्यक्तीच काल्पनिक असल्याचा दावा जाहीरपणे झाला, तेव्हा ही भरच दावेदारांच्या हाती आयते शस्त्र ठरली. श्रद्धेने जोडलेला खोटा तपशील खऱ्या पुराव्यालाही संशयित करतो.

यावर आक्षेप येईल की, कागदावरच थांबायचे तर ज्यांना लिहू दिले गेले नाही त्या स्त्रिया कायमच्या मुक्या राहतील. आक्षेप रास्त आहे. परंतु कागद आपण समजतो तितका तोकडा नाही. २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात गणेश व शारजा या प्रेमिकांचा जीव सावित्रीबाईंनी गावकऱ्यांच्या तावडीतून कसा वाचविला, हे त्यांनीच लिहिले आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेने घटस्फोटाच्या हक्काचा व बहुपत्नीत्वाविरुद्धचा ठराव केला. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात चळवळीतील स्त्रिया स्वतः बोलतात. एवढी सामग्री असताना माता रमाईंसह आपल्या प्रत्येक नायिकेस केवळ त्यागमूर्ती करून ठेवणे हे कल्पनाशक्तीचे दारिद्र्य होय.

कादंबरीकाराने घर, रस्ता, ऋतू, भाकरीचा वास अवश्य कल्पावा. तिचा विचार मात्र तिच्याच शब्दांतून शोधावा, आणि कल्पित काय हे प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगावे. केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांस सांगितले. आपल्या पूर्वजा स्त्रियांविषयी लिहिताना आणि वाचताना आपण तीच कसोटी लावावयास हवी. कारण त्यांनी केलेले कार्य आपल्या भक्तीच्या आधाराविना उभे राहण्याइतके भक्कम आहे.