शरांनी विंधलेला सद्गृहस्थ

फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४-२००२) यांचे नाव निघाले की आपल्या कॅथोलिक घरांतून थोडी चुळबुळ होते. गोव्यातील साळगावी जन्मलेल्या या मुलाला लहानपणी देवी आल्या. तो बरा झाला, तेव्हा नवस बोललेल्या आईने संत फ्रान्सिस झेवियरचे नाव त्याच्या नावास जोडले. पुढे त्याच मुलाने धर्मगुरू, धनिक आणि पुढारी यांचे विद्रूप चेहरे रंगविले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत सूझा अग्रणी होते. १९४९ साली ते लंडनला गेले.

मेढ्यासारख्या गावी त्यांची चित्रे छापील प्रतींतूनच पाहावी लागतात. तरीही १९५५ सालचे ‘मिस्टर सेबास्टियन’ आमच्या नजरेसमोरून हलत नाही. देवळातला संत सेबास्तियन उघड्या अंगाने बाण सोशीत असतो. सूझांचा सेबास्टियन मात्र कोट घातलेला शहरी सद्गृहस्थ आहे आणि बाण त्याच्या चेहऱ्यात व मानेत रुतले आहेत. संतावर बाण सोडले ते शत्रूंनी. या गृहस्थाचे बाण त्याच्या आतूनच उगवल्यासारखे भासतात. पेहराव प्रतिष्ठेचा, आत्मा मात्र घायाळ!

लंडनच्या टेट संग्रहातील ‘क्रूसिफिक्शन’ (१९५९) हे चित्र अधिकच अस्वस्थ करते. येथील ख्रिस्त गोरा व सुकुमार नाही. तो काळवंडलेला, कृश, काटेरी रेषांनी घडलेला आहे. सोनेरी चौकटीत बसवून आपण जी वेदना गोड करून टाकली, ती सूझांनी पुन्हा भयाण केली. अनेकांना यात धर्मनिंदा दिसते. आम्हांला तसे वाटत नाही. प्रभूने शास्त्री-परूश्यांचे ढोंग ज्या कठोरपणे उघडे पाडले, त्याच जातीचा हा संताप आहे.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. प्रभूच्या धिक्कारामागे यरुशलेमेसाठी ढाळलेले अश्रू होते. सूझांच्या माणसांना पश्चात्तापाची वाटच ठेवलेली नाही. त्यांचे दात, डोळे, कपाळ सारे कायमचे दोषी. ज्याला बदलताच येत नाही, त्याला दोष तरी कसा द्यावा?

म्हणून ही चित्रे शेजाऱ्यावरचा निकाल समजून पाहू नयेत. पापनिवेदनापूर्वी आपण विवेकबुद्धी तपासतो, तशी ती पाहावीत. त्या सद्गृहस्थाचा कोट आपल्या अंगास बसतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.