अपुऱ्या चित्रातील म्हशी

गोपजीवनाचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे कुरण, झुळझुळता ओढा आणि नुकतीच धुतल्यासारखी पांढरी मेंढरे उभी राहतात. घरोघरी लावलेल्या उत्तम मेंढपाळाच्या कॅलेंडरांनी ही सवय अधिकच पक्की केली आहे. खांद्यावर घोंगडी टाकून माळ तुडवणारा आपल्या परभणीकडचा धनगर त्या कुरणात कोठेच बसत नाही. म्हणूनच अमृता शेरगिल यांचे अखेरचे, अपुरे राहिलेले चित्र मला मोलाचे वाटते.

हे तैलचित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९४१ च्या सप्टेंबरात अमृताबाई पती व्हिक्टर इगान यांच्यासह लाहोरास राहावयास गेल्या. तेथे घराच्या वरच्या मजल्यावरून खाली दिसणारी गवळ्यांची वस्ती त्यांनी चितारावयास घेतली. काळ्या म्हशी, मातकट अंगण आणि मागे सपाट भिंतींची घरे, एवढाच त्यातील ऐवज. ५ डिसेंबर १९४१ रोजी, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बुडापेस्टला जन्मलेली, पॅरिसला शिकलेली ही चित्रकर्ती १९३४ साली भारतात परतली. पुढच्याच वर्षी रंगविलेल्या डोंगराळ भागातील स्त्रीपुरुषांच्या चित्रांत सर्वत्र खिन्न डोळे आहेत. 'तीन मुली' या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले. त्या मुलीही खालीच पाहतात. ही चित्रे थोर आहेत, यात शंका नाही. तथापि त्यांतील करुणा किंचित वरून आलेली आहे. गरिबाकडे प्रथम दयेनेच पाहण्याची सवय आम्हां धर्मगुरूंनाही असते, म्हणून ती चटकन ओळखू येते.

मधल्या काळात त्यांनी आपल्या मराठवाड्यातील अजिंठा व वेरूळ पाहिले. अजिंठ्याच्या भिंतींवर हत्ती, हरिण, राजा व दासी एकाच रंगमातीतून घडले आहेत. कोणाचीही कीव केलेली नाही. १९३८ च्या 'हिरव्या डोहात स्नान करणारे हत्ती' या चित्रात तो संस्कार प्रथम मोकळेपणाने दिसतो, असे माझे मत आहे. लाहोरच्या म्हशींत तर करुणेचा लवलेशही उरलेला नाही. त्या आहेत, इतकेच. पोळ्याला बैल सजतो. म्हशीच्या वाट्याला तो मान येत नाही. दूध मात्र तिचेच आपण पितो. मराठवाडी जातीची म्हैस ज्या जिल्ह्यांची, त्या आपल्या लोकांना काळ्या कातडीवरची उन्हातली निळसर झाक सांगावी लागत नाही. परंतु ती चित्राचा विषय होऊ शकते, हे कोणीतरी दाखवावे लागते. त्यासाठी दूरचे कुरण शोधावे लागले नाही. मागच्या बाजूला डोकावणे पुरले.

अपुरेपणालाच गुण ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. मृत्यूची छाया अशा चित्रावर आपणच पाडतो. चित्रकर्तीच्या दृष्टीने ते चालू असलेले काम होते आणि त्या भिंतींवर कदाचित आणखी बराच हात फिरावयाचा होता. घरे इतकी भूमितीय झाली आहेत की क्षणभर डोळा तेथेच अडकतो. छापील प्रतिकृतीत तर काळा रंग मरून जातो व घरेच पुढे येतात. म्हणून मूळ चित्र पाहण्याचा योग आल्यास प्रथम म्हशींपाशी थांबावे, घरांकडे नंतर वळावे.