प्रयोगशाळेतले पेन

गावात सार्वजनिक वाचनालय असते, तालीम असते, मग सार्वजनिक प्रयोगशाळा का नसावी? जीवशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही जीवाणू वाढवून पाहण्याची, डीएनए वेगळा करण्याची, पुढे त्यात फेरफार करण्याची सोय का असू नये? या प्रश्नातून अमेरिकेत २००८ च्या सुमारास एक चळवळ उभी राहिली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २०१० मध्ये ‘जेनस्पेस’ ही प्रयोगशाळा सुरू झाली. कॅलिफोर्नियात ‘बायोक्युरियस’, पॅरिसमध्ये ‘ला पायास’ अशा आणखीही निघाल्या. वर्गणी भरा, सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण घ्या आणि कामाला लागा, अशी साधारण पद्धत. मला ही कल्पना मनापासून आवडते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्यावर टीकाच करणार आहे.

या मंडळींनी २०११ मध्ये स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली. मे महिन्यात लंडनला युरोपीय गट जमला, जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकी गट. दोन्ही मसुदे एका पानात मावतात आणि शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. पारदर्शकता, शिक्षण, ज्ञान सर्वांना खुले ठेवणे, शांततामय उपयोग ही कलमे दोन्हीकडे आहेत. युरोपीयांनी त्यात विनम्रतेचे कलम घातले: आपल्याला सगळे कळत नाही याचे भान ठेवा. अमेरिकनांनी ते वगळले आणि त्याऐवजी खटपट करून पाहण्याच्या वृत्तीचा गौरव केला. दोन खंडांचे स्वभावच म्हणायचे!

सुरक्षिततेचे कलम मात्र दोन्हीकडे सारखेच आणि सारखेच तोकडे आहे. सुरक्षित पद्धती वापरा, एवढेच. कोणत्या पद्धती, त्या कोण तपासणार, चूक झाली तर कोणाला सांगायचे, काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, याबद्दल अक्षर नाही. आचारसंहितेत तपशील कसा असेल, असे कोणी म्हणेल. ते मान्य. पण मग पारदर्शकता आणि शांततामय उपयोग यांवर इतका भर का?

त्यालाही कारण आहे. मे २००४ मध्ये बफेलो शहरातील कलाशिक्षक स्टीव्ह कर्ट्झ यांच्या पत्नीचे हृदयविकाराने निधन झाले. मदतीला आलेल्या पोलिसांना घरात जीवाणूंच्या बशा आणि उपकरणे दिसली. ती त्यांच्या कलाप्रदर्शनासाठी होती. तरी जैविक दहशतवादाचा संशय घेऊन घराची झडती झाली. शेवटी टपालातून केलेल्या फसवणुकीचा आरोप उरला आणि २००८ मध्ये तोही न्यायालयाने काढून टाकला. या प्रकरणाची सावली चळवळीवर होती. पुढे अमेरिकेच्या एफबीआयनेच या हौशी मंडळींशी संवाद सुरू केला, २०१२ मध्ये त्यांना बैठकीला बोलावले. तेव्हा ही आचारसंहिता लिहिताना मनासमोर पोलीस होते. ‘आम्ही वाईट माणसे नाही’ हे तिने चांगले सांगितले आहे. पण चांगल्या माणसाच्या हातूनही बशी सांडते.

नेमकी त्याच वर्षी अमेरिकेत एक साथ चालू होती. ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात साल्मोनेला टायफिम्युरियम या जीवाणूने ३८ राज्यांतील १०९ जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. शोध घेतला तेव्हा धागा हॉटेलात किंवा अंड्यांत सापडला नाही, तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत सापडला. जीवाणूचा वाण प्रयोगशाळांना विकत मिळतो तोच होता. रुग्णांत विद्यार्थी आणि कर्मचारी होते, आणि ज्यांनी प्रयोगशाळेत कधी पाऊलही टाकले नव्हते अशी त्यांच्या घरची मुलेही होती. जीवाणू घरी कसा गेला? हातांवरून, वहीवरून, पेनावरून. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने सल्ला दिला तो साधा होता. हात धुवा, आणि पेन, वह्या, दप्तरे प्रयोगशाळेच्या टेबलावर आणू नका. तरी असेच २०१४ मध्ये पुन्हा झाले, १३ राज्यांत ४१ रुग्ण, आणि २०१७ मध्ये पुन्हा, १६ राज्यांत २४ रुग्ण.

या साथी हौशी प्रयोगशाळांतल्या नव्हत्या. महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्याशी जोडलेल्या, नियमांखाली चालणाऱ्या जागा होत्या. आणि त्या जीवाणूत कोणी जनुकीय बदल केल्याचा प्रश्नही नव्हता.

आता कायद्याकडे पाहू. अमेरिकेत जनुकीय बदलांच्या कामासाठी राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजे एनआयएचची, मार्गदर्शक तत्त्वे १९७६ पासून आहेत. पण या कामासाठी त्या संस्थेचे अर्थसाहाय्य घेणाऱ्यांनाच ती बंधनकारक असतात. लोकवर्गणीवर चालणारी प्रयोगशाळा तिथून सुटते. (कचरा, आग, कामगारांची सुरक्षितता यांचे कायदे लागू होतातच.) जर्मनीत उलट. तेथे नोंदणी झालेल्या आणि देखरेखीखालील प्रयोगशाळेबाहेर, घरच्या टेबलावर, जनुकीय बदल करणे बेकायदा आहे. दंड ५० हजार युरोपर्यंत, आणि बदललेला जीव बाहेर सोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने हे जाहीरपणे बजावले, कारण अमेरिकेतून टपालाने जनुकसंपादनाची किट येऊ लागली होती.

मग मार्चमध्ये बव्हेरियाच्या प्रयोगशाळेने अशी किट तपासली. त्यांत ई. कोलायचा निरुपद्रवी वाण असायला हवा होता. निघाले भलतेच: क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस यांसारखे रोगकारक जीवाणू, आणि त्यांतले काही अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. युरोपीय रोगनियंत्रण केंद्राने मे महिन्यात आढावा घेऊन धोका कमी असल्याचे सांगितले, हेही नोंदवले पाहिजे. पण चूक कुठे होती ते पाहा. कायदा जनुकाला कात्री लावणाऱ्या गिऱ्हाइकाकडे डोळे लावून बसला होता, आणि घाण होती बाटलीत. परवाना असलेल्या माणसाने तीच बाटली मागवली असती तरी आत तेच निघाले असते. फरक एवढाच की, शिकलेला माणूस बशीवर रेघा ओढून एकाच प्रकारच्या वसाहती येतात का ते आधी पाहतो. ती सवय परवान्याबरोबर येतेच असे नाही, आणि परवान्यावाचून येत नाही असेही नाही.

आपल्याकडचे १९८९ चे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. त्यांचे मला एक कौतुक वाटते. त्यांच्या नावातच जनुकीय बदल केलेल्या जीवांच्या शेजारी ‘घातक सूक्ष्मजीव’ हे शब्द आहेत. असे काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. पुण्यात किंवा पणजीत उद्या कोणी सार्वजनिक प्रयोगशाळा काढून ई. कोलायमध्ये जनुक घालू म्हणाले, तर ही समिती हवी. दह्यातले जीवाणू पाहणाऱ्या शाळेला ती लागत नाही, हेही योग्यच.

या दोहोंच्या मधली जागा मात्र मोकळी आहे, आणि तिथे आपण शिक्षक उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञानदिनाला मी पाहुणी होते. मुलांनी चायना ग्रास आणि बटाट्याच्या पाण्याचे माध्यम करून त्यावर दाराची कडी, नाणी, संडासाचा नळ यांवरचे जीवाणू वाढवले होते. सुंदर काम! झाकणे उघडून बशा सगळ्यांना दाखवल्या. एका मुलीने वास घेतला. एका मुलाने सर्वांत देखणी वसाहत काडीने उचलून नव्या बशीवर वाढवली होती, त्याचे विशेष कौतुक झाले. बशा धुतल्या त्या पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारच्या मोरीत. मी टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात बसल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

कारण त्या मुलाने केले ती यातली सर्वांत धोक्याची पायरी. मिश्र बशी झाकण न उघडता बाहेरून पाहिली तर बहुधा निरुपद्रवी असते. पण अनोळखी जीवाणू वेगळा काढून वाढवला की त्याची शुद्ध फौज तयार होते, एका ठळक वसाहतीत कोटीच्या घरात पेशी. अमेरिकेच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये, त्या साथीनंतर, अध्यापनासाठी मार्गदर्शन काढले. त्यात प्राथमिक पातळीच्या प्रयोगशाळेत परिसरातील अनोळखी जीवाणूंना असे दुसऱ्या बशीवर नेऊ नये असे आहे. ब्रिटनमधील शाळांना सल्ला असतो तो बशा ३७ अंशांवर न ठेवण्याचा, म्हणजे शरीराच्या उष्णतेला सरावलेले जीवाणू फोफावत नाहीत. हा सल्ला लिहिणाऱ्यांना एप्रिलमधले नागपूर ठाऊक नसावे. आपण हे प्रयोग हिवाळ्यात घ्यावेत.

‘निरुपद्रवी’ ही यादीही कायमची नसते. कर्ट्झ यांच्या घरी सापडलेल्या जीवाणूंत सेरेशिया मार्सेसेन्स होता. त्याच्या लाल रंगामुळे तो कित्येक वर्षे वर्गांत दाखवला जाई. अमेरिकी नौदलाने तर १९५० मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोवर फवारून पाहिला होता, निरुपद्रवी समजून. आज तो रुग्णालयांत दुबळ्या रुग्णांना संसर्ग करणारा म्हणून ओळखला जातो.

सामुदायिक प्रयोगशाळांच्या मंडळींनी २०२० मध्ये जैवसुरक्षेची सविस्तर हस्तपुस्तिका काढली, म्हणजे ती उणीव त्यांनाही जाणवली होती. पण आचारसंहितेला नऊ वर्षे होऊन गेल्यावर. माझा आक्षेप या क्रमाला आहे. आधी बशा कुठे टाकायच्या ते ठरवावे, शांततामय उपयोगाचे नंतर पाहता येईल.

त्या शाळेतल्या बाईंना मी नंतर पत्र लिहिले, जरा घाबरतच. त्यांनी रागावण्याऐवजी यादी मागवली. आता तिथे बशा चिकटपट्टीने बंद करून दाखवतात, प्रयोग संपला की न उघडता कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास ठेवतात, आणि तो कुकर स्वयंपाकाला वापरत नाहीत. बशीवर नाव आणि तारीख नसेल तर ती कोणीही, पाचवीतला मुलगासुद्धा, बाद करू शकतो. आणि टेबलाच्या पायाला, बँकेत असते तसे, दोरीने बांधलेले एक पेन आहे.