जर्मनीचा आकडा बिडकीनला चालेल का?

पीएचडीच्या तयारीत असलेल्या एका मैत्रिणीने मला तिचा सिनॉप्सिस वाचायला दिला. विषय चांगला आहे: बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात कामाला आलेले परप्रांतीय मजूर आणि सरकारी आरोग्य योजना. पण पहिल्याच पानावर एक वाक्य होतं: ‘कागदपत्रं नसलेल्यांना योजनेत घेतल्यास सरकारचा खर्च वाचतो, हे जर्मनीतील संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ पुढे कंसात दोन आडनावं आणि साल. मी विचारलं, पेपर वाचलास का? म्हणाली, ॲबस्ट्रॅक्ट वाचलाय.

हे आपण सगळेच करतो, मीही केलंय. म्हणून आज तो पेपर जरा नीट बघू.

कायवान बोझोर्गमेहर आणि ओलिव्हर राझुम यांचा हा अभ्यास २०१५ साली ‘प्लॉस वन’मध्ये आला. जर्मनीत १९९३ च्या कायद्यानुसार आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीचा काही काळ मुख्यतः तातडीचे आजार, वेदना आणि बाळंतपण एवढ्यापुरतेच उपचार मिळतात. पूर्ण उपचारांसाठी थांबायचा काळ आधी १२ महिने होता, १९९७ मध्ये तो ३६ झाला, २००७ मध्ये ४८. लेखकांनी १९९४ ते २०१३ ची सरकारी आकडेवारी घेतली आणि बंधन असलेल्या व नसलेल्या गटांचा दरडोई खर्च ताडून पाहिला. उत्तर अनपेक्षित आलं. ज्यांच्यावर बंधन होतं त्यांच्यावरच जास्त खर्च झाला होता, वर्षाला माणशी सुमारे ३७६ युरो जास्त.

अभ्यासाची ताकद अशी की सरकारने बदललेल्या नियमांचाच त्यांनी प्रयोगासारखा वापर केला. हे शिकण्यासारखं आहे. पण दुबळी जागाही तिथेच आहे. बंधन कोणावर होतं? नुकतेच आलेल्यांवर. युद्धातून, लांबच्या प्रवासातून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षात दवाखाना जास्तच लागणार. मग जास्तीच्या खर्चातला किती भाग बंधनामुळे आणि किती नवखेपणामुळे? वय, लिंग वगैरेंचा हिशोब लेखकांनी धरलाय, पण आकडे गटांचे आहेत, एकेका रुग्णाचे नाहीत. त्यामुळे हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. शिवाय ही माणसं सरकारदरबारी नोंदलेली होती. ज्यांची कुठेच नोंद नाही, ती या आकडेवारीत नाहीतच. तेव्हा ‘सिद्ध झाले’ नाही, ‘असे संकेत मिळतात’ एवढंच लिहा.

आता बिडकीनला येऊ. पैठण तालुक्यातली ही ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिथे पत्र्याच्या खोलीत राहणारा बिहारचा मजूर देशाचा नागरिक आहे, आधार कार्डही खिशात आहे. पण महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेपुरता तो बिनकागदाचाच. १ जुलै २०२४ पासून ही योजना पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली, संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. रेशनकार्ड मात्र महाराष्ट्राचं हवं, नाहीतर अधिवास प्रमाणपत्र. त्यासाठी साधारण १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केली तर वाट आहे, पण तिला ९० दिवस कामाचा दाखला लागतो. आयुष्मान भारत राज्याबाहेर चालतं, पण गावाकडच्या यादीत कुटुंबाचं नाव असेल तरच. म्हणजे जर्मनीत परका कोण हे देशाची सीमा ठरवते, इथे रेशनकार्ड.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. जर्मन अभ्यासामागचा तर्क काय? वेळेवर साधा डॉक्टर भेटला की पुढचा महागडा इमर्जन्सीचा खर्च टळतो. पण फुले योजना साध्या ओपीडीसाठी नाहीच. ती रुग्णालयात भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बीपीची गोळी त्या योजनेतून मिळत नाही, ती सरकारी दवाखान्यातून मिळते, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार सगळ्यांना मोफत आहेत. मग मजुराला योजनेत घेतल्यावर बचत होणार ती कोणत्या वाटेने? कदाचित योजनेचा खर्च वाढेलच. निष्कर्ष उसना घेताना त्यामागची यंत्रणाही आपल्याकडे आहे का, हे तपासायलाच हवं.

दुसरं, योजनेचा डेटा म्हणजे मंजूर-नामंजूर झालेले क्लेम. खिडकीवरूनच परत गेलेल्या माणसाची त्यात ओळच नसते. त्याचा खर्च संपलेला नसतो, फक्त दुसऱ्या वहीत गेलेला असतो: ठेकेदाराकडून घेतलेली उचल, सावकाराचं व्याज, बायकोचे दागिने, गावाकडचं रेल्वेचं तिकीट. ती वही वाचायला फिल्डवरच जावं लागेल.

आणि फक्त बचतीवर हक्काची इमारत उभी करू नका. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ मध्ये कागदपत्रं नसलेल्या सगळ्या वयाच्या गरीब स्थलांतरितांना मेडी-कॅल योजना खुली केली. पुढच्याच वर्षी योजनेत तूट आली. कारणं अनेक होती, पण बोट यांच्याकडे दाखवलं गेलं, आणि जानेवारी २०२६ पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी बंद झाली. जो हक्क ‘स्वस्त पडतो’ म्हणून मिळतो, तो महाग पडला की जातो.

मैत्रिणीने वाक्य बदललंय. आता तिथे प्रश्न आहे: ‘बिडकीनच्या परप्रांतीय मजुराला योजनेबाहेर ठेवल्याचा खर्च नेमका कोण भरतो?’ सिनॉप्सिस थोडा कमी ठाम झालाय, पण आता त्यात संशोधनाला जागा आहे.