प्रगतीचे माप आणि मापाची मालकी

युनिलिव्हर कंपनीची शाश्वत जीवन योजना २०१० ची. संयुक्त राष्ट्रांची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे २०१५ ची. कंपनीने आपली जुनीच कलमे नव्या उद्दिष्टांशेजारी मांडली. त्यामुळे राष्ट्रांसाठी रचलेल्या उद्दिष्टांची प्रगती म्हणून जे वाचकापुढे येते, ते वस्तुतः कंपनीने स्वतःच्या मापाने केलेले मोजमाप होय.

हे माप मात्र क्षुद्र नव्हते. कारखान्याच्या भिंतीपाशी न थांबता त्याने ग्राहकाच्या स्नानगृहातील ऊन पाण्याचाही हिशेब धरला. योजनेचे खरे मोल येथेच आहे. कारखान्यांतील उत्सर्जन घटले, स्नानगृहातील कंपनीच्या हाती नव्हते, आणि हे अपयश अहवालांनी लपविले नाही. परंतु आकडा होता दर वापरामागचा. विक्री वाढली की तो स्थिर राहूनही एकूण भार वाढतोच, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. उत्सर्जन निम्म्यावर आणण्याची २०२० ची मुदतही पुढे २०३० वर गेली. २०२४ मध्ये तर नव्या प्लास्टिकचा वापर २०२५ पर्यंत निम्मा करण्याऐवजी २०२६ पर्यंत ३० टक्क्यांनी घटविण्याचे ठरले. बाहेरील लेखापरीक्षक निवडक आकड्यांची शुद्धता तपासतात. उद्दिष्ट का बदलले, हे विचारणे त्यांच्या कक्षेत येत नाही.